वाचकांचे प्रश्न : श्वाबियन जेवण, बारा जणांचं

प्रश्न : मी स्टुटगार्टला शिकते. होस्टेलच्या आमच्या मजल्यावर बारा जण आहोत. दोघी शाकाहारी, एक जण डुकराचं मांस खात नाही. महिन्यातून एकदा इथलाच पदार्थ सगळ्यांनी मिळून करायचा ठरलंय आणि पहिली पाळी माझी आहे. स्वयंपाकघरात विजेची शेगडी आणि एक ओव्हन आहे. काय करू आणि किती?

उत्तर : केझश्पेत्सले करा, म्हणजे चीज घातलेल्या, अंड्याच्या पिठाच्या जाड शेवया. श्वाबिया म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासचा भाग, तिथला हा घरोघरचा पदार्थ आहे, मुळातच बिनमांसाचा. पण आधी त्या दोघींना अंडं चालतं का ते विचारा. जर्मनीत शाकाहारी म्हटलं की अंडं धरलेलंच असतं, आपल्याकडे तसं नाही. चालत नसेल तर त्यांच्यासाठी सालासकट उकडलेले बटाटे आणि क्वार्क, म्हणजे चक्क्यासारखं ताजं मऊ चीज, ठेवा. माणशी 300 ग्रॅम बटाटे, 150 ग्रॅम क्वार्क. क्वार्कमध्ये मीठ, मिरपूड आणि चाइव्ह्ज म्हणजे कांद्याच्या पातीसारखी बारीक पात घाला. हाही तिथलाच पदार्थ आहे, त्यामुळे त्यांना वेगळं काढल्यासारखं होत नाही.

प्रमाण सोपं आहे : माणशी 100 ग्रॅम पीठ आणि एक अंडं. बारा जणांना 1 किलो 200 ग्रॅम पीठ (पुड्यावर 405 आकडा असलेला मैदा चालतो), 12 अंडी, 3 चहाचे चमचे मीठ. पाणी आधी 450 मिली घाला, मग अंदाज घेत वाढवा, 600 च्या पुढे जाऊ नका. लाकडी चमच्याने इतकं घोटा की पिठात बुडबुडे दिसू लागतील. चमचा उचलल्यावर पीठ धार न लागता जाड, ताणलेल्या लोळ्याने सावकाश खाली यायला हवं. मग 20 मिनिटं झाकून ठेवा.

श्पेत्सले पाडायचा दाबयंत्रासारखा साचा मजल्यावर कुणाकडे तरी नक्की असेल. आपल्या सोऱ्याचाच तो भाऊ, फक्त दांड्याने दाबायचा. नसेल तर बुंदीच्या झाऱ्यावर पीठ ओतून पळीने घासा. लांब शेवयांऐवजी छोटे गोळे पडतील. त्यांना तिथे क्न्योफ्ले, म्हणजे बटणं, म्हणतात आणि तेही तितक्याच आवडीने खातात.

मोठ्या पातेल्यात 5 लिटर पाणी, 50 ग्रॅम मीठ. विजेच्या शेगडीवर एवढं पाणी उकळायला फार वेळ लागतो, म्हणून किटलीत तापवून ओता. साचा दोन तृतीयांश भरा, उकळत्या पाण्यावर दाबा. श्पेत्सले तरंगून वर आले की मिनिटभराने झाऱ्याने काढा. असे आठ-दहा घाणे होतील. घाई करून दोन घाणे एकदम टाकले की पाण्याची उकळी बसते आणि सगळ्याचा एकच गोळा होतो. पाण्यात पीठ विरघळून पेज व्हायला लागली तर पीठ पातळ आहे, मूठभर मैदा घालून पुन्हा घोटा.

चीज 900 ग्रॅम : निम्मं एमेन्टालर, निम्मं बेर्गकेझ. लादी आणून स्वतः किसा. किसलेल्या पाकिटातल्या चीजला चिकटू नये म्हणून पिष्ट लावलेलं असतं, ते नीट वितळत नाही. ओव्हनच्या भांड्यात गरम श्पेत्सलेचा थर, चीजचा थर, पुन्हा श्पेत्सले, असं रचत जा. मधे मधे पळीभर उकळीचं पाणी शिंपडा, त्याने चीज सरसरीत राहतं. एरवी धुतात तसे श्पेत्सले गार पाण्यात धुऊ नका, त्यांच्या उष्णतेनेच चीज वितळायचं असतं. 180 अंशांवर 10 मिनिटं पुरे. जास्त ठेवलंत तर चीजचं तूप सुटतं आणि खाली रबर उरतं.

कांदा दीड किलो, गोल चकत्या करून 150 ग्रॅम लोण्यात मंद आचेवर अर्धा तास परता आणि वाढताना श्पेत्सलेवर पसरा. ज्यांना बेकन हवं त्यांच्यासाठी ते वेगळ्या तव्यावर परतून वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने टेबलावर द्या. भांड्यात ढवळून टाकलं की तीन माणसं उपाशी राहिली. वाटून खायच्या जेवणात मांस नेहमी शेवटी आणि बाजूला, एवढं पाळलं की निम्मे वाद होत नाहीत.

चीजबद्दल आणखी एक. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असू शकतं आणि पाकिटावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. काटेकोर शाकाहारी असाल तर ‘मिक्रोबिएलेस लाब’, म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट, हे शब्द शोधा.

प्रश्न : मुलगा शाकाहारी आहे. विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, म्हणजे खाणावळीत, गटाबरोबर जेवतो. मांस दिसत नसलं म्हणजे झालं का? (एक पालक, सांगली)

उत्तर : नाही. श्वाबियन बटाट्याची कोशिंबीर साधी दिसते, पण तिच्यात मांस उकळलेलं गरम पाणी ओतायची रीत आहे. लाल कोबीच्या भाजीत बऱ्याचदा चरबी, जेलीच्या गोड पदार्थांत जिलेटिन. माउलटाशेन हे मोठ्या करंजीसारखे असतात, आत पालक दिसतो आणि त्यातच खिमा असतो. कथा अशी सांगतात की उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून तो लपवला. खात्रीसाठी मेनूवर ‘वेगेटारिश’ किंवा ‘वेगान’ हा शब्द बघावा. फलक नसेल तिथे ‘इस्ट दा फ्लाइश ड्रिन?’, म्हणजे यात मांस आहे का, एवढ्यावर न थांबता ‘उंड फ्लाइशब्र्यूहं?’, म्हणजे मांसाचं पाणी आहे का, हेही विचारायला सांगा. बिनमांसाचं म्हणून वाढणाऱ्याला ते पाणी मांस वाटत नाही, त्यात फसवणूक नसते.

प्रश्न : खर्चाची वाटणी कशी करावी? दर वेळी कुरबुर होते.

उत्तर : जेवणाचं बिल एक, बिअर-वाइनचं बिल दुसरं. पहिलं जेवणाऱ्यांत, दुसरं पिणाऱ्यांत भागा. बेकन ज्यांनी खाल्लं त्यांचं. बाटल्यांची अनामत विसरू नका : एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा 8. रिकाम्या बाटल्या परत करणाऱ्याने पावती गटाच्या डब्यात टाकायची. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा रविवारचं जेवण असेल तर शनिवारीच सगळं आणा.

प्रश्न : ट्युबिंगेनला मसूर आणि श्पेत्सलेचा बेत केला. तासभर शिजवूनही मसुरीची सालं चिवटच राहिली. काय चुकलं?

उत्तर : बहुधा व्हिनेगर आधी पडलं. ‘लिन्झेन मिट श्पेत्सले’ला आंबटपणा हवाच, पण आम्लात डाळीचं साल मऊ होत नाही. मसूर पूर्ण शिजल्यावरच व्हिनेगर घाला, बारा जणांना 4 ते 5 मोठे चमचे. दुसरं कारण पाणी. किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियममुळे सालं घट्ट राहतात. चिमूटभर खायचा सोडा घाला, जास्त नको, साबणासारखी चव येते. अख्खी बदामी मसूर माणशी 75 ग्रॅम, म्हणजे 900 ग्रॅम. बारीक चिरलेलं गाजर, सेलेरीचा कंद आणि कांदा लोण्यावर परतून त्यात 40 मिनिटं शिजवा. सोबतचे सॉसेज वेगळ्या पाण्यात गरम करा, मसुरीत नव्हे. उरलेली मसूर पसरट भांड्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी घट्ट होते, तेव्हा गरम पाणी घालून सैल करा आणि व्हिनेगर पुन्हा चाखून बघा.