दिराचा कॅलक्युलेटर आणि मुलुंडचा फ्लॅट

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. रीडेव्हलपमेंटमध्ये मिळालेला वन बीएचके, कार्पेट ४१० फूट. सासूबाई आणि हे, दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा. एजंट १ कोटी ३० लाख सांगतो. आम्हा तिघांना कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळालाय आणि यांना टोरोंटोजवळच्या मिसिसागाच्या एका कंपनीची ऑफर आहे, वर्षाला ९५ हजार कॅनेडियन डॉलर. धाकटे दीर बरीच वर्षं तिकडेच आहेत. ते म्हणतात, "वहिनी, ते खुराडं विका आणि इथे साडेपाच लाखांत कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, घ्या. ६०० फूट आहे, बाल्कनीतून तलाव दिसतो. भाड्यात पैसे कशाला घालवता?" तसाच कॉन्डो भाड्याने २,३०० डॉलरला मिळतो, आणि मालकाला मेंटेनन्स ४५० डॉलर पडतो म्हणे. साडेपाच लाखांचे रुपये केले की मला घेरी येते, ३ कोटी ४० लाख! हे सध्या महिन्याला हातात १ लाख ६० हजार आणतात. मुलगा आठवीत आहे. सासूबाई "तुमचं तुम्ही बघा" म्हणतात आणि मग दिवसभर बोलत नाहीत. काय करावं?
— एक वाचक भगिनी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : घेरी येते ती त्या गुणाकारामुळे, तेव्हा आधी तो थांबवू. डॉलरला ६२ ने गुणायचं ते पैसे इथून तिकडे पाठवताना. घर परवडेल की नाही ते त्यावरून कळत नाही, कारण तिथला हप्ता तिथल्याच पगारातून जायचाय. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर असताना मी अर्ज हातात आला की आधी पगाराची स्लिप काढायचे, घराची किंमत मागाहून. इथेही तसंच करू.

आज तुमच्या घरात वर्षाला १९ लाख २० हजार येतात. म्हणजे मुलुंडचा फ्लॅट ही तुमची पावणेसात वर्षांची अख्खी कमाई. तिकडे ९५ हजारांतून आयकर, पेन्शनची आणि बेकारी विम्याची वर्गणी गेली की ७० हजारांच्या आसपास हातात उरतील. साडेपाच लाखांचा कॉन्डो म्हणजे जवळपास आठ वर्षांची कमाई. रुपयांत अडीच पटींहून महाग दिसणारं घर कमाईच्या मापाने साधारण एका वर्षाने महाग आहे, आणि वर १९० फूट जास्त मिळतात. तेव्हा ३ कोटी ४० लाखांची धास्ती सोडा. पण दोन्ही घरं महागच आहेत हेही लक्षात असू द्या. देशोदेशींच्या घरांची तुलना करणारे घराच्या किमतीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाने भागतात आणि उत्तर तीनच्या आत आलं तरच घर परवडणारं मानतात. त्या मापात ना मुंबई बसते, ना टोरोंटोचा परिसर.

आता महिन्याचा हिशेब. वीस टक्के स्वतःचे घातले, म्हणजे १ लाख १० हजार डॉलर, तर ४ लाख ४० हजारांचं कर्ज उरतं. २५ वर्षं आणि साडेचार टक्के धरले तर हप्ता २,४३५ डॉलर. त्यात ४५० मेंटेनन्स आणि मालमत्ता कराचे साधारण २५० मिळवा. झाले ३,१३५. हातात येणार महिन्याला ५,८०० च्या आसपास. निम्म्याहून जास्त पगार त्या बाल्कनीत गेला! तेच घर भाड्याने घेतलं तर २,३००. "भाड्यात पैसे घालवू नका" हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलंय की कोणी पेन्सिल घेऊन बसतच नाही. तुमच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून महिन्याला आठशे डॉलरचा फरक आहे, आणि तो भाड्याच्या बाजूने आहे.

मालमत्ता कराचं वेगळं सांगायला हवं, कारण मुंबईकराला त्याची सवयच नाही. मुंबई महापालिकेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ केलाय, त्यामुळे तुमच्या ४१० फुटांना तो नाही. मिसिसागा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत अशी माफी नाही. तिथे अजून २०१६ च्या मूल्यांकनावर कर आकारला जातो. नवं मूल्यांकन झालं की आकडा हलू शकतो.

शिवाय बँक हे कर्ज देईल का? तिथल्या बँका करारातल्या व्याजदरावर दोन टक्के चढवून बघतात की माणूस तग धरेल का. साडेचारचे साडेसहा झाले की हप्ता २,९५० च्या घरात जातो. त्यात कर आणि निम्मा मेंटेनन्स धरला की ३,४०० ओलांडतात. घरावरचा खर्च कापण्याआधीच्या पगाराच्या ३९ टक्क्यांच्या आत हवा, असा तिथला रूढ निकष आहे. ९५ हजारांवर ते ३,१०० सुद्धा होत नाहीत. म्हणजे एकट्या यांच्या पगारावर हे कर्ज बसत नाही. व्याजाचा दरही बहुतेक पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो, मग पुन्हा नव्याने बोलणी. २०२१ मध्ये स्वस्तात कर्ज घेतलेल्यांनी पाच वर्षांनी काय भोगलं ते दिरांना विचारा, त्यांच्या मित्रमंडळींत कोणी ना कोणी असेलच.

म्हणूनच दीर म्हणतात, अख्खा मुलुंड विका. तसं केलं तर कर्ज लहान होतं आणि गणित बसतं, हे मी नाकारत नाही. पण १ कोटी ३० लाखांतले ६५ लाख सासूबाईंचे आहेत, आणि त्या भारतातल्या रहिवासी आहेत. त्यांनी ते पैसे मुलाला भेट म्हणून परदेशी पाठवायचे ठरवले तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत मुभा आहे, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ५५ लाखांवर ११ लाख झाले. विवरणपत्र भरलं की ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. आणि सासूबाईंच्या अर्ध्या भागात उद्या दीरही वारस आहेत. सल्ला देताना त्यांच्या हे ध्यानात असेलच.

यांच्या वाट्याचा हिस्सा कधी विकायचा, हे निघण्याआधी सीएकडे बसून ठरवा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर विकलं तर नफ्यावरच्या कराच्या रहिवाशाला दोन वाटा मिळतात, महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, ज्यात कर कमी ती. अनिवासी झालात की पहिली वाट बंद. रहिवासी विकतो तेव्हा ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीवर खरेदीदार पैसे देतानाच १ टक्का कर, म्हणजे टीडीएस, कापतो. अनिवासी विकतो तेव्हा दर फार वर जातो, आणि बरेच खरेदीदार नफ्याऐवजी पूर्ण रकमेवरच कापून मोकळे होतात. ते टाळायचं तर आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं, आणि तोवर खरेदीदार थांबेलच असं नाही.

आणखी एक. ओंटारिओत घर घेताना लँड ट्रान्सफर टॅक्स भरावा लागतो, आपल्या मुद्रांक शुल्कासारखा. पहिलं घर घेणाऱ्याला त्यात ४ हजार डॉलरपर्यंत सूट असते, पण 'पहिलं' म्हणजे जगात कुठेही पहिलं. यांचं नाव मुलुंडच्या करारावर आहे, तेव्हा ती सूट गेली. आता विकूनही ती परत येत नाही. चेकनाका ओलांडला की महापालिका बदलते, तशी मिसिसागाची हद्द ओलांडून टोरोंटोत शिरलात तर टोरोंटो महापालिकेचा आणखी एक असाच कर वर लागतो. दीर पुढे कधी टोरोंटोतलं घर दाखवू लागले तर हे आठवा.

सासूबाईंचा अबोला मला समजतो. घर विकलं तर त्या कुठे राहणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. "आई इकडे येईल" म्हणणं सोपं आहे. सुपर व्हिसावर त्यांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येईल, पण पाहुण्या म्हणून. आरोग्य विमा खासगी आणि तुमच्या खर्चाने. मुलुंडमध्ये त्यांचा डॉक्टर, त्यांची भाजीवाली, खालच्या मजल्यावरची मैत्रीण आहे.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर फ्लॅटला हातही लावला नसता. वर्ष-दोन वर्षं भाड्याने राहा, मुलाच्या शाळेजवळ. यांची नोकरी पक्की होऊ दे आणि तुम्हीही तिथे काही करता येतं का ते बघा. दोन पगार असले की वरचं सगळं गणित बदलतं. टोरोंटोच्या आसपासच्या घरांचे भाव २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर होते, त्यानंतर उतरलेत, तेव्हा गाडी सुटतेय अशी घाई कोणी करू नये. घ्यायचंच झालं तर पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के आणि पुढच्या ५० हजारांवर १० टक्के, एवढी रक्कम कायद्याने पुरते. म्हणजे ३० हजार डॉलर. २० टक्क्यांहून कमी भरल्यामुळे कर्जाचा विमा लागतो आणि तो महाग असतो, पण एवढ्यासाठी आईचं घर विकावं लागत नाही.

प्रश्न : मावशी, मी म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर (युरोपातला कामाचा परवाना) नोकरी करतो. इथलं घर घेणं स्वप्नातही नाही, पण कांदिवलीत एक कोटीचा फ्लॅट म्हणजे माझे फक्त एक लाख युरो! आई-बाबा कांदिवलीतच भाड्याने राहतात आणि दर अकरा महिन्यांनी घर बदलून थकलेत. बिल्डर मित्राच्या ओळखीचा आहे, टॉवरचं काम सुरू आहे. बुक करू का?
— म्युनिक

उत्तर : घर घे, बाबा. पण हा टॉवर नको.

तुझा 'फक्त' मला खटकला. तुला युरोत स्वस्त वाटतं, पण शेजारच्या गल्लीत तसाच फ्लॅट महिना २५-३० हजार भाड्याने मिळत असेल. एक कोटीवर वर्षाला तीन-साडेतीन टक्के. गुंतवणूक म्हणून हे घेऊ नये, मुदत ठेवसुद्धा याहून बरी. पण तुझे आई-बाबा दरवर्षी सामान बांधतायत, आणि तो त्रास टक्क्यांत येत नाही. जर्मनीत भाडेकरार सहसा बेमुदत असतो, मालकाला भाडेकरू सहजी काढता येत नाही, म्हणून तिथली निम्म्याहून जास्त माणसं भाड्याने सुखात राहतात (स्वयंपाकघराचा ओटासुद्धा स्वतःच आणून बसवतात, हे तू पाहिलं असशीलच). तुझ्या आईला ते सुख कांदिवलीत विकत घ्यावं लागेल.

तयार घर घे, ज्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी मिळालीय असं. त्यावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या कोटीच्या घरावर ५ टक्के, म्हणजे ५ लाख जातात, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं चालूच. तरीही टॉवरच घ्यायचा असेल तर मित्राच्या ओळखीवर न जाता महारेरा या गृहप्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघड आणि ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघ.

घर आईच्या एकटीच्या नावावर घेता येईल का, याचाही विचार कर. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, खरेदीदार स्त्री असेल तर ५. कोटीवर लाख वाचले. आईला दिलेल्या पैशांवर भारतात तिला कर नाही. मात्र घर मग तिचंच, तेव्हा भावंडं असतील तर तिला मृत्युपत्र करायला सांग, आत्ताच, हसतखेळत. तुझ्या नावावर घेतलंस तर पैसे तिकडून बँकेमार्फत पाठवून किंवा तुझ्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांची इथली बँक खाती) द्यायचे. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवलंस, तर ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायला बाबांना सांग. हे राहून गेलं की नोंदणीच्या दिवशी निबंधक कार्यालयातून परत यावं लागतं.

प्रश्न : आमचे घरमालक सिंगापूरला असतात. भाडं ६० हजार. ते म्हणतात, पूर्ण पाठवा, कर मी बघतो. चालेल?
— दादर

उत्तर : नाही. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूची. दर ३० टक्के, वर सेस, म्हणजे ३१.२. तुमच्या ६० हजारांतले १८,७२० दरमहा सरकारकडे भरायचे आणि उरलेले त्यांच्या एनआरओ खात्यात पाठवायचे. "मी बघतो" हे त्यांचं तोंडी आश्वासन उद्या नोटीस आली तर तुमच्या उपयोगी पडणार नाही, ती तुमच्याच नावाने येईल. त्यांना कपात जास्त वाटत असेल तर कमी कपातीचं प्रमाणपत्र त्यांनी काढून पाठवावं. आतापर्यंत पूर्ण भाडं पाठवलं असेल तर या आठवड्यातच सीए गाठा, दर महिन्याला व्याज चढतंय.