वाचकांचे प्रश्न : पाळकाचे उरलेले सहा दिवस

प्रश्न : आमच्या मुलाला पदवीनंतर धर्मशास्त्र शिकून चर्चच्या मंडळीचा पाळक व्हायचे आहे. ‘रविवारी तासभर बोलायचे, मग आठवडाभर काम ते काय?’ असे नातेवाईक विचारतात आणि मलाही नेमके सांगता येत नाही. आपण पाळकपद सांभाळले आहे, म्हणून विचारतो. – एक वाचक, खानापूर

उत्तर : रविवारच्या वीस मिनिटांच्या उपदेशामागे माझा दहा-बारा तासांचा अभ्यास असे, आणि ते तास मला सलग कधीच मिळाले नाहीत. पहाटे पाच ते साडेसात, म्हणजे फोन वाजू लागण्यापूर्वीचा वेळ, एवढाच काय तो हक्काचा. त्यानंतर दवाखान्यातील भेटी, बाप्तिस्म्याचे दाखले, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवायची विवाहांची नोंदवही आणि कमिटीच्या बैठका यांत दिवस सरतो; बैठकांविषयी न बोललेलेच बरे.

अनेक मंडळ्यांत तीन वर्षांच्या चक्राची पाठावली, म्हणजे रविवारी वाचायच्या बायबलपाठांची ठरलेली यादी, पाळली जाते. शुभवर्तमानांपैकी एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक असा क्रम असतो आणि योहान अधूनमधून येतो. आवडीचे चार विषय घोळवत बसण्याची सोय त्यामुळे राहत नाही, हा तिचा मोठा उपकार. नेमलेला पाठ मी आधी मराठीत, मग कन्नडात आणि शेवटी टीकाग्रंथांच्या, म्हणजे बायबलवरील भाष्यांच्या, साहाय्याने वाचत असे. आपल्या मराठी-कानडी भागात दुसऱ्या भाषेतले बायबल टेबलावर हवेच. तेविसाव्या स्तोत्रात मराठीत ‘मेंढपाळ’ आहे, तेथे कन्नडात ‘कुरुबनु’, म्हणजे धनगर, हा शब्द येतो. तो वाचला की निपाणी-चिकोडीकडे पिके निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढरे बसवणारा, रात्रभर कुत्र्यासह जागणारा धनगर डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि जे स्तोत्र आपण केवळ गोड म्हणून पाठ केलेले असते त्यात राखणीचे कष्टही दिसू लागतात.

शनिवारी दुपारी कुणाच्या मृत्यूचा निरोप आला की पुस्तके मिटावी लागतात. घरच्यांजवळ बसणे, दफनभूमीतील व्यवस्था, दफनविधी हे सारे उरकेपर्यंत रात्र होते आणि सकाळी उपदेश तर द्यायचाच असतो. अशा वेळी त्या आठवड्याचे नव्हे, मागील पाच वर्षांचे वाचन उपयोगी पडते. चिरंजीव बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) करणार असतील, तर ती पदवी देणारी सिनेट बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयाची आहे, नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरची नव्हे; हा घोटाळा नातेवाईक हमखास करतात. त्या अभ्यासक्रमात शिकलेली ग्रीक, म्हणजे नव्या कराराची मूळ भाषा, रोज दहा मिनिटे चाळवली नाही, तर परीक्षेनंतर वर्षभरात विसरते. माझी विसरली होती.

प्रश्न : आमचे पाळकसाहेब उपदेशात तुकोबांचे अभंग घेतात. हे योग्य आहे का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : अवश्य योग्य आहे; मात्र त्यांनी पूर्ण अभंग वाचलेला असावा. अर्धी ओळ तोडून आपला मुद्दा सजवणे ही चूक अभंगाबाबत तेवढीच गंभीर, जेवढी बायबलच्या वचनाबाबत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि त्यांची भजने आपण आजही उपासनेत गातो. त्यांच्या आधीचे ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी तर बेळगावचेच. त्यांचा जन्म येथे १८३१ मध्ये झाला आणि बाप्तिस्माही येथेच १८५४ मध्ये. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या हिंदू घरातील धार्मिक वातावरण तपशिलाने सांगितले आहे. शेजारच्या घरात कोणती पोथी लागते हे ज्या पाळकाला ठाऊक नाही, त्याने ते पुस्तक आधी वाचावे आणि परदेशी टीकाग्रंथ नंतर मागवावेत.