वाचकांचे प्रश्न : ‘आडुजीवितम’ बघून आलेली पत्रं

मागच्या अंकात एवढंच लिहिलं होतं की ‘आडुजीवितम’ हा मल्याळम सिनेमा आता ओटीटीवर आलाय, बघा आणि कळवा. मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लोकांनी कळवलंय आणि अर्ध्या लोकांचं मत उरलेल्या अर्ध्यांच्या बरोब्बर उलट आहे. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केरळातला नजीब १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी सौदीला जातो, रियाधच्या विमानतळावर एक अरब येतो, त्याला गाडीत घालून नेतो आणि कंपनीतल्या कामाऐवजी वाळवंटात शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यावर जुंपतो, तीन वर्षांहून जास्त काळ. बेन्यामिन यांची मल्याळम कादंबरी २००८ ची, ब्लेसी यांचा सिनेमा २८ मार्च २०२४ चा, आणि नजीब झालाय पृथ्वीराज सुकुमारन. गोष्ट एका खऱ्या माणसावरून घेतलेली आहे. पुढे शेवटही फुटणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी आधी पिक्चर बघून या.

थ्रिलर आहे असं ऐकून घरच्या सगळ्यांना बसवलं, पण अर्ध्यापर्यंत काहीच घडत नाही, नुसता तो आणि शेळ्या. पाऊण तास सहज कापता आला असता असं नाही वाटत? – एक वाचक, गुहागर

नाही वाटत, आणि ह्यावर मला जरा भांडायचंच आहे. सिनेमा तीन तासांना थोडा कमी आहे, मोठा आहे हे मान्य. पण तुम्ही ज्याला काहीच घडत नाही म्हणताय तेच तर त्या माणसासोबत घडतंय ना, रोज तोच हौद भरायचा, तीच जनावरं सोडायची, तोच कोरडा खुबूस, म्हणजे अरबी रोटी, पाण्यात बुडवून खायचा आणि उद्या काय हे विचारायला कोणी नाही. हे दहा मिनिटांत उरकलं असतं तर पुढे त्याच्याबरोबर केरळातून आलेला हकीम आणि तिथलाच एक आफ्रिकी कामगार इब्राहिम कादिरी ह्यांच्याबरोबर तो पळतो तेव्हा आपल्याला काय पडलं असतं त्याचं? पळण्याचा भाग छातीत धडधड करतो तो त्या आधीच्या कंटाळ्यामुळेच. हां, घरच्या आठवणींची दृश्यं मात्र मलाही जास्त वाटली, नदी, बायको, गाणं, पुन्हा नदी. ती निम्मी केली असती तरी चाललं असतं.

पण त्या नदीबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या लगेच लक्षात येईल. नजीब गावी नदीत बुड्या मारून वाळू काढणारा आहे. आपल्या खाड्यांमध्ये हातपाटीने वाळू काढणारे काय करतात ते ज्याने बघितलंय त्याला हा माणूस कोण आहे हे लगेच कळतं, होडीतून खाली जायचं, दम कोंडून पाटी भरायची आणि वर यायचं. ज्याचं पोट पाण्यातल्या वाळूवर चाललं त्याला नेऊन टाकलाय कुठे तर जिथे वाळूच वाळू आणि पाण्याचा टिपूस नाही. दिग्दर्शकाने हे कुणाच्या तोंडून बोलून दाखवलेलं नाही, नुसतं एकापाठोपाठ एक दाखवलंय, आणि ह्यासाठी मी ब्लेसींना मानतो.

माका पिक्चर आवाडलो, पण एक गोष्ट पटाक नाय. तो आधीच कित्याक पळालो नाय? थंय राखण एकट्या म्हाताऱ्याची, ह्यो जवान गडी. – एक वाचक, देवगड

दादा, हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. पण पळायचं कुठे? त्याला आपण कुठे आहोत हेच माहीत नाही, रात्री गाडीतून आणलंय, दिशा नाही, रस्ता नाही, अरबी येत नाही, कागदपत्रं मालकाच्या ताब्यात. अरबाबकडे, म्हणजे त्या मालकाकडे, बंदूक आहे आणि दुर्बीण आहे, सपाट रानात दुर्बिणीतून माणूस लांबून दिसतो. आणि त्याच्या आधीपासून तिथे राबणारा तो जटा वाढलेला माणूस आठवा, तो एक दिवस दिसेनासा होतो. कादंबरीत नजीबला पुढे वाळूतून वर आलेला एक हात दिसतो. एवढं बघितल्यावर जवान गडीसुद्धा जागेवर बसतो.

आणि समजा सुटला. तेव्हाच्या कफालतच्या पद्धतीत मालकाच्या परवानगीशिवाय ना नोकरी बदलता यायची ना देश सोडता यायचा, पळाला की तोच गुन्हेगार. म्हणून तर कादंबरी सुरू होते तीच मुळी नजीब स्वतःहून पोलिसांच्या हवाली व्हायला जातो तिथून! तुरुंगात गेलो की निदान कधीतरी घरी पाठवतील ही आशा. तुरुंग ज्याला सुटका वाटतो त्याने काय काय सोसलं असेल हे तिथेच समजतं, आणि सिनेमाने ही सुरुवात घेतली नाही ह्याची मला हळहळ वाटते.

मी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद वाचला होता. सिनेमा चांगला आहे पण काहीतरी हरवलंय, नेमकं काय ते सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं? – एक विद्यार्थिनी, चिपळूण

मला वाटतं हरवलाय तो नजीबचा आवाज. पुस्तकात तो सतत बोलत असतो, अल्लाशी बोलतो, बायकोला मनातल्या मनात पत्रं लिहितो आणि त्यात इकडे सगळं मजेत आहे असं खोटं लिहितो, शेळ्यांना गावातल्या माणसांची नावं देतो, कोण भांडखोर कोण लाडकी, एकेकीचा स्वभाव. एका नवजात पिल्लाला तर तो नबील म्हणतो, स्वतःच्या होणाऱ्या मुलासाठी ठरवलेलं नाव. पुढे त्या पिल्लाचं जे होतं ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. हे सगळं पडद्यावर तेवढं येत नाही, शेळ्या आहेत पण त्याचं गणगोत म्हणून नाहीत, त्यामुळे त्यांचा निरोप घेताना जेवढं तुटायला हवं तेवढं तुटत नाही.

पण जे मिळालंय ते पण बघ ना. पुस्तक सांगतं की तो बदलला, सिनेमात ते शरीरावर दिसतं, पृथ्वीराजने त्यासाठी तीसेक किलो वजन उतरवलं होतं. घरून आणलेलं लोणचं खुबुसाबरोबर खातानाचा त्याचा चेहरा बघ, आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आई नाहीतर बायको एक बरणी कोंबतेच, तो चेहरा शब्दांत कसा मावणार. रेसुल पुकुट्टींनी आवाजाचं काम केलंय, वारा सुरू झाला की पोटात गोळा येतो. केरळच्या राज्य पुरस्कारांत अभिनय आणि दिग्दर्शन दोन्ही ह्या सिनेमाला मिळालं ते योग्यच झालं. माझ्या मते पुस्तक आधी वाचलेलं बरं, म्हणजे सिनेमात तो गप्प असतो तेव्हा आत काय चाललंय ते आपल्याला ऐकू येतं.

आम्ही पण मे महिन्यात कातळसड्यावर दुपारची कामं करतो, घामाने निथळतो, पण भ्रमिष्ट होत नाही. पळताना वाळवंटात हकीम भ्रमिष्ट होतो असं दाखवलंय ते जरा जास्त नाही का? – एक बागायतदार, रत्नागिरी

जास्त नाही. आपल्याकडचा उकाडा आणि तिथला उन्हाळा ह्यांचं गणितच वेगळं आहे. आपल्या हवेत समुद्राचा दमटपणा असतो म्हणून घाम सुकत नाही, अंगावर दिसतो, आपण कासावीस होतो आणि सावलीत जाऊन पाणी पितो. वाळवंटात हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो, कातडी कोरडीच राहते, आणि आपल्यातून किती पाणी गेलं हे त्या माणसाला कळतच नाही. उन्हात चालणाऱ्याचं तासाला लिटरभर किंवा जास्तही पाणी जातं, आणि वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं पाणी गेलं की जीवावर बेततं. पाण्याबरोबर मीठही जातं, अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि मग मेंदू बिघडतो, बडबड, नको ते दिसणं, कुठेतरी धावत सुटणं. पाणी दिसल्याचा भास मात्र वेड नव्हे हां, तापलेल्या जमिनीजवळच्या गरम हवेत प्रकाश वाकतो आणि आकाश खाली दिसतं, दुपारी हायवेवर पुढे डांबर ओलं दिसतं ना तसंच. फरक एवढाच की तहानेने अर्धमेला झालेला माणूस त्याच्यामागे धावतो आणि उरलीसुरली ताकद तिथे घालवतो. बाकी तुमच्या कामाला नमस्कार, पण दुपारी बारा ते तीन सड्यावर जाऊ नका, आपल्याकडेही उष्माघात होतो.

माझे मामा वीसेक वर्षं कुवेतला होते, मालक देवमाणूस. असे सिनेमे बघून लोक सगळ्या अरबांना तसंच समजतात, हे चूक नाही का? – एक वाचक, दापोली

तसं समजणं चूकच. आपल्या खेड, दापोली, राजापूर, श्रीवर्धनातली किती घरं आखाताच्या पैशावर उभी राहिली, किती मुलं शिकली, हे आपण रोज बघतो. पण सिनेमानेही तसं केलेलं नाही. वाळवंटातून जेमतेम जिवंत रस्त्याला लागलेल्या, घाणीने माखलेल्या नजीबला स्वतःच्या चांगल्या गाडीत बसवून शहरापर्यंत आणून सोडतो तो अरबच आहे. आणि कादंबरीतली सगळ्यात भयंकर गोष्ट तर शेवटी येते, तुरुंगात अरबाब समोर येतो आणि त्याला नेत नाही, कारण हा मुळात त्याच्या व्हिसावर आलेला माणूसच नव्हता. म्हणजे एवढी वर्षं ज्याला मालक समजला तो मालकही नव्हता, विमानतळावरून सरळ उचलून नेलेला. दोष माझ्या मते त्या व्यवस्थेचा जास्त आहे, जिथे एका माणसाचा सगळा ताबा दुसऱ्या एका माणसाच्या मर्जीवर. मालक देवमाणूस निघाला तर निघाला.

माझा मुलगा नववीपर्यंत शिकलेला. ओळखीतल्या एकाने सौदीत फार्मवर कामाचा आझाद व्हिसा आहे म्हणून सांगितलंय, लाखाच्या वर मागतोय. पिक्चर बघितल्यापासून झोप नाही. पाठवू का? – एक आई, श्रीवर्धन

ताई, असा पाठवू नका. हे मी पिक्चर बघून घाबरून सांगत नाही, नीट ऐका. मुलगा दहावी पास नाही म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर, आणि अशा पासपोर्टवर सौदीसारख्या देशात कामाला जायला सरकारची एमिग्रेशन मंजुरी, म्हणजे कामासाठी देश सोडायची परवानगी, लागते, ती ‘ई-मायग्रेट’ ह्या सरकारी पोर्टलवरून होते. त्याच पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, त्या ओळखीतल्याला विचारा तुझा नोंदणी नंबर काय, आणि तो तिथे स्वतः तपासा, गावातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्या पोराला पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणीवाल्या एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. लाखाच्या वर मागतोय म्हणजे तिथेच काय ते समजा. आझाद व्हिसा म्हणजे कागदावर मालक एक आणि काम भलत्याकडे, उद्या काही झालं तर दोघेही हात वर करतात.

आणि फार्मचं काम म्हणताय म्हणून मुद्दाम सांगतो. सौदीने २०२१ मध्ये नियम सैल केले, बऱ्याच कामगारांना आता मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते, पण शेतमजूर, मेंढपाळ, घरकाम करणारे, घरगुती ड्रायव्हर ह्यांना त्यातून वगळलं होतं. म्हणजे नजीबच्या कामाची माणसं त्या बदलाच्या बाहेरच राहिली. जायचंच असेल तर कंपनीचं काम बघा, करारावर कंपनीचं नाव, पगार, कामाचं ठिकाण लिहिलेलं हवं, टुरिस्ट व्हिसावर कामाला अजिबात नाही, आणि प्रवासी भारतीय विमा काढल्याशिवाय नाही, दोन वर्षांचा २७५ रुपयांत होतो आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं कव्हर आहे. सगळ्या कागदांची झेरॉक्स घरी ठेवा, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची तर नक्कीच. मुलाचं मन मोडेल, रागावेल, चार दिवस बोलणार नाही, त्याला हा अंक वाचायला द्या. एजंटचा नोंदणी नंबर मिळाला आणि तपासायला अडचण आली तर आमच्याकडे पाठवा, आम्ही बघून सांगतो.

हिंदीत बघू की मल्याळममध्ये? – एक वाचक, कुडाळ

मल्याळममध्ये बघा, खाली सबटायटल्स लावा. नजीबचा आवाज महिन्यांमागून महिने न बोलल्याने घोगरा होत जातो, तो पृथ्वीराजचाच ऐकायला हवा, आणि हेडफोन असतील तर लावा.