धिंगरी मशरूमची बॅग हिरवी पडतेय? आधी एवढंच बघ
अरे पहिल्या बॅगा हिरव्या पडल्या म्हणून खचू नकोस, ती ट्रायकोडर्मा बुरशी, सगळ्यांनाच छळते. बाकी बारकावे नंतर, आधी बॅगेत भरायचा पेंढा सांभाळ.

- पेंढा 80 अंशाच्या पाण्यात तासभर पूर्ण बुडलेला हवा, वर तरंगला की तेवढा कच्चा राहतो, वरून दगड ठेव.
- निथळल्यावर मूठभर घेऊन करकचून पिळ, तळवा ओला व्हावा पण थेंब पडू नये, आणि पूर्ण गार होऊ दे, नवीन लोक घाईत गरम पेंढ्यातच स्पॉन (मशरूमचं बियाणं) टाकतात आणि तो मरतो.
- हाताला 70 टक्केवालं स्पिरिट, शंभरवालं पटकन उडतं, जंतू मारायला थोडं पाणी लागतंच.

हिरवी बॅग खोलीत उघडू नकोस हां, बीजाणू सगळीकडे उडतात, तशीच बांधून लांब नेऊन टाक.