ग्रँट आली की पगार देतो म्हणतात, तोवर काय करायचं?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय. अनुदानित हायस्कूलात गणित शिकवतात, रिटायर झालेल्या सरांच्या जागी लागल्या त्याला दीड वर्ष झालं, पण शिक्षण खात्याची मंजुरी अजून नाही, मॅनेजमेंट अधूनमधून हातावर काहीतरी टेकवतं आणि म्हणतं ग्रँट आली की सगळं एकदम देतो. आता धरायचं कोणाला, सरकारला की मॅनेजमेंटला?

ताई, दोघांनाही. पण त्याआधी व्हॉट्सॲपवर फिरणारे शालार्थ आयडी (ऑनलाइन पगारासाठी शिक्षकाला मिळणारा नंबर) आणि खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्याचे सल्ले बाजूला ठेवा, ते महाराष्ट्रातले, आपल्याकडे 1984 चा शालेय शिक्षण कायदा आणि 1986 चे नियम चालतात. लेबर कोर्टाकडेही जाऊ नका, तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक कामगार ठरत नाही असं सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच सांगितलंय, आणि ती केस आपल्या करंझाळेच्या शाळेतल्या बाईंचीच होती.

आता मुद्दा. नेमणूकपत्र मॅनेजमेंटने दिलं म्हणजे तुम्हाला कामाला त्यांनी ठेवलं, खातं पगारासाठी जी ग्रँट देतं तो खातं आणि शाळा यांच्यातला हिशेब, तो अडकला म्हणून तुम्ही फुकट शिकवायचं हे मला तरी पटत नाही. पण सरकारकडून पगार हवा असेल तर खरी परीक्षा वेगळीच आहे, ती जागा मंजूर होती का, भरायला खात्याची परवानगी घेतली होती का, जाहिरात, मुलाखत, आरक्षणाचा रोस्टर (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याचा तक्ता) हे सगळं झालं का. झालं असेल तर खात्याला फाइल दाबून बसता येत नाही, आणि चेअरमनच्या ओळखीने आत घेतलं असेल (राग मानू नका, असं होतं) तर सरकारविरुद्ध केस कमजोर, मग भांडण मॅनेजमेंटशीच.

म्हणून पहिलं काम, शिक्षण खात्यात आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, तुमच्या मंजुरीच्या प्रस्तावाची प्रत, त्यावरचे शेरे आणि तो आज कोणाच्या टेबलावर आहे हे विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यायला लागतं. बऱ्याचदा कळतं की शाळेने प्रस्तावच धड पाठवला नाही, किंवा खात्याने शंका काढून परत केला आणि हेडमास्तरांच्या कपाटात पडलाय. मग शिक्षण संचालक आणि मॅनेजमेंट दोघांना लेखी अर्ज, पोच घेऊन. तरी हलले नाहीत तर पर्वरीला हायकोर्टात रिट याचिका, दोघांनाही पार्टी करून, थकबाकी आणि व्याज दोन्ही मागा. फार वर्षं थांबू नका, उशीर झाला की थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

आणि ते "पूर्ण पगार मिळाला" असं छापलेल्या कागदावर सही मागताहेत म्हणता ना, करू नका. करायलाच लागली तर खाली प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हजेरीपटाच्या पानांचेही.