कोठा म्हणजे जठर नव्हे

विचारलंय असं की ‘कोठा साफ झाला’ मधला कोठा म्हणजे जठरच ना, आणि ‘पोट दुखतंय’ बरोबर की ‘पोटात दुखतंय’.

नाही, जठर नाही. परवाच सोलापुरात सात रस्त्याजवळ एका मेडिकलवर उभा होतो तर चूर्णाच्या बोर्डावर ठळक ‘बद्धकोष्टता’, आणि शेजारी एक जण दुसऱ्याला सांगतोय, कोठा म्हणजे आपलं स्टमक ओ. फार त्रास होतो असलं ऐकून. ठ आहे तो, ठ! सोलापूर विणकरांचं गाव, कोष्टी शब्द रोजच्या तोंडातला, म्हणून हात आपोआप ट कडे जात असावा असं मला वाटतं. कोष्टकात आपण ट रुळवला ते ठीक, पण बद्धकोष्ठता सरळ संस्कृतातून आलेला शब्द आहे, तिथं ठ च पाहिजे.

मूळ शब्द कोष्ठ. ओष्ठचा ओठ, पृष्ठची पाठ, तसा कोष्ठचा कोठा. कोठी, कोठडी, कोष्टक सगळी त्याचीच पोरं. आणि कोष्ठ अधिक आगार म्हणजे कोठार! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी धान्यसाठा सांभाळणारा अधिकारी आहे, त्याचं नावच कोष्ठागाराध्यक्ष. आपण मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतो ना, ते कोठार आणि सकाळी साफ होणारा कोठा एकाच घरातले, म्हणजे तिथली मालदांडी ज्वारी भाकरी होऊन एका कोठ्यातून दुसऱ्या कोठ्यात जाते. मला हे इतकं आवडतं की भाकरी मोडताना हटकून आठवतं.

माझं तर मत असं की बद्धकोष्ठ हा शब्द धान्याची कोठी बघूनच सुचला असणार. आमच्या आजोळी मातीची कोठी होती, वरून ज्वारी ओतायची आणि काढायला बुडाशी भोक, त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा घट्ट बसला की वर कितीही भरलेलं असू दे, खाली दाणा येत नाही. बद्ध कोष्ठ म्हणजे दुसरं काय?

मोल्सवर्थनं त्याच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात कोठ्याचा एक अर्थ सरळ स्टमक दिलाय आणि लोक तेच पुढं रेटतात. मला अजिबात पटत नाही. आयुर्वेदात सुश्रुताच्या कोष्ठात आमाशय म्हणजे जठर, पक्वाशय म्हणजे मोठं आतडं, मूत्राशय, अगदी हृदय आणि फुफ्फुससुद्धा येतं, चरक 15 कोष्ठांगं मोजतो, आमाशय त्यातलं फक्त एक. वैद्य मृदू, मध्यम, क्रूर कोष्ठ ठरवतात ते रेचक दिल्यावर पोट कसं चालतं त्यावरून, आपला हलका कोठा, जड कोठा तोच. आणि शरीरात बघा की, जठरात जेवण साधारण 2 ते 4 तास, तिथं आम्लात घुसळून ते थोडं थोडं पुढं लहान आतड्यात सरकतं. खरा साठा होतो तो शेवटच्या दीडेक मीटरच्या मोठ्या आतड्यात, पाणी शोषलं जातं आणि मळ दिवसदिवस थांबतो. सकाळी साफ होतं ते हेच. बोलणाऱ्या बायाबापड्यांना हे बरोबर कळलं होतं, कोशकाराला नाही.

हां, पोट दुखतंय आणि पोटात दुखतंय, दोन्ही चालतं. फक्त शेजाऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही तेव्हा ‘पोटात’च दुखतं, तिथं ‘पोट दुखलं’ असं कुणी म्हणत नाही.