शिस्त म्हणजे नेम

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती लेखनातल्या 'आध्यात्मिक शिस्त' या शब्दजोडीत शिस्त म्हणजे नियमांचा बडगा का? आणि ती पाळून देवाचं सामर्थ्य मिळवता येतं का?

आधी सामर्थ्य. नव्या करारात सामर्थ्याला ग्रीक शब्द आहे 'दुनामिस'; तो म्हणजे डायनामाइट, हे प्रवचनांत ऐकून ऐकून कान किटले आहेत. नोबेलने स्फोटकाला ते नाव दिलं १८६७ मध्ये. नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं पहिल्या शतकातली. पौल सांगतो ते सामर्थ्य माणसाला तडीस नेतं, त्याचा स्फोटाशी संबंध नाही.

खरी गोडी शिस्तीत आहे. शाळेतली रांग आणि गणवेश सोडून द्या. शिष्य, शासन यांच्या पंगतीत बसवून तिला संस्कृत 'शास्' धातूची लेक ठरवणारे विद्वान मला साफ अमान्य आहेत. नाद जुळला म्हणून नातं जुळत नाही. शब्द फारसी, 'शस्त': तिरंदाजाची अंगठ्यातली कडी, त्यावरून नेम. मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे, असं जुने कोश सांगतात. नेम धरायचा तर अंग स्थिर हवं, श्वास आवरायला हवा. वळण, टापटीप हे अर्थ तिथूनच फुटले, असं माझं ठाम मत आहे. आपला 'नेम'च बघा ना! 'नियम'चं तद्भव रूप, आणि नेमधर्म नि नेमबाजी दोन्ही त्याच्या पोटात. नव्या करारात पापाला शब्द आहे 'हामार्तिया', आणि त्याचं क्रियापद ग्रीक महाकवी होमर भाल्याचा नेम चुकला की वापरतो. मग उपवास, एकांत, रोजची प्रार्थना ही नेम धरायची तालीमच झाली.

जुन्या करारात, २ राजे १३ मध्ये, मरणाला टेकलेला संदेष्टा अलीशा इस्राएलच्या राजाला धनुष्य धरायला लावतो आणि त्याच्या हातांवर आपले हात ठेवतो. बाण राजानेच सोडायचा असतो. माझ्या मते प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या चार हातांत आहे.

उरलं 'मिळवणे'. ते क्रियापद इथे नकोच. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, २:१२-१३ उघडा. तारण 'साधून घ्या' असं आधी येतं, आणि लगेच 'साधून देणारा तो देव आहे'. ग्रीकमध्ये तिथे दोन निराळी क्रियापदं आहेत. मराठी भाषांतरकारांनी दोन्हीकडे 'साधणे'च ठेवलं, आणि फक्त 'घेणे'च्या जागी 'देणे' आणलं.